तुंब्याचं सुतक

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी फार सभ्य होते. कुणी जेवत असेल तर शेजारी कुणी शिंकत नसे. म्हाताऱ्यांसमोर कुणी शेपटी वर करून चालत नसे. आणि कुणी मेलं, तर ते कशामुळे मेलं असं कुणी विचारत नसे.

आजची गोष्ट या तिसऱ्या सभ्यपणाची आहे. मांडी घालून नीट बसा. मधे प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारायची सवय लागली की पुढं फार हाल होतात. कसे होतात ते गोष्टीत येईलच.

त्या जंगलात जो तो गळ्यात तुंबा घालून फिरायचा. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा. बैरागी त्यात पाणी ठेवतात. या जंगलात त्यात गांधीलमाशा ठेवत. तोंडाला लाकडाचं बूच असे. बूच दातानं उपटलं की माशा चवताळून बाहेर पडत आणि समोर जो कुणी असेल त्याला डसत. समोर कोण आहे, चांगला की वाईट, लहान की मोठा, याची चौकशी माशा करत नाहीत.

या प्रकाराची सुरुवात पणजोबांच्या काळात झाली. तेव्हा त्या जंगलात एक बिबट्या होता आणि तो रोज कुणाला ना कुणाला उचलून न्यायचा. एका सशानं भोपळ्यात एक गांधीलमाशी कोंडली आणि ती बिबट्याच्या नाकावर सोडली. बिबट्या जो पळाला तो डोंगर उतरेपर्यंत थांबला नाही. मग सगळ्यांनी मिळून वडाच्या बुंध्यावर कोरून ठेवलं की तुंबा बाळगणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. सशानं काम चांगलंच केलं होतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण पणजोबांच्या तुंब्यात एकच माशी असायची. ती उडून गेली की दुसरी धरून आणेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आताच्या तुंब्यात अख्खं पोळं मावत होतं. आणि बिबट्या तर केव्हाच उसाच्या फडात राहायला गेला होता. तिथं सावली होती, पाटाचं पाणी होतं, गावातली कुत्री होती. जंगलात परतायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तरी एवढ्या माशा कशाला, असं कुणी म्हटलं की उत्तर तयार असे. उद्या बिबट्या आला तर?

हे उत्तर सगळ्यांना पाठ करून दिलं होतं खवलेरावांनी. खवलेराव हे एक खवल्या मांजर होते आणि तुंबा हक्क रक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या अंगावर नाकाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाड खवले होते. गांधीलमाशीची नांगी त्यातून आत जात नाही. कुठं गडबड झाली की ते अंगाचा चेंडू करत आणि सगळं शांत झालं की उलगडून भाषण करत. तुंबे बनवायचा उद्योग अस्वलांचा होता. अस्वलं खवलेरावांना वारुळं उकरून द्यायची. खवलेराव मुंग्या खाऊन गुटगुटीत झाले होते आणि हक्कांवर बोलताना त्यांना कधी धाप लागत नसे.

मंडळात आणखी एक महत्त्वाचं पद होतं, शोकप्रमुखाचं. त्यावर गहिवरे नावाचा तरस होता. तरसाचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. तो हसतोय का रडतोय हे लांबून कळत नाही. मंडळाला नेमका असाच कुणीतरी हवा होता.

आता काजळीची ओळख करून देतो, कारण गोष्ट तिची आहे. काजळी एक भेकर होती. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. काजळीला एकच पाडस होतं. त्याच्या पाठीवर पिवळट ठिपके होते, म्हणून नाव बुंदी. बुंदीला पाण्याची भीती वाटायची. स्वतःचं तोंड पाण्यात दिसलं की ती दचकून मागं सरायची आणि आईच्या पोटाखाली शिरायची.

म्हणून काजळीनं तिला पाणशाळेत घातलं. ओढ्याच्या डोहावर रोज सकाळी पाणशाळा भरायची. तिथं जंगलातली सगळी पिल्लं पाणी प्यायला शिकत. पाय कुठं रोवायचे, मान किती वाकवायची, पिताना कान कसे उभे ठेवायचे. बुंदी हळूहळू धीट झाली. एका सकाळी तिनं आईला सांगितलं की तू आज वर झाडीतच थांब, मी एकटी जाते.

त्याच सकाळी एक रानडुक्कर डोहावर आलं. त्याचं नाव मी सांगणार नाही. आपलं नाव सगळ्यांच्या तोंडी व्हावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती मी कशाला पुरवू? कुणीतरी त्याला उंबराखालून हाकललं होतं, म्हणून ते जगावर रुसलं होतं. अंगाला चिखलाचा जाड लेप देऊन ते आलं, म्हणजे त्याला स्वतःला काही होऊ नये. आणि त्यानं तुंब्याचं बूच उपटलं.

काजळी भुंकत खाली धावली. ती पोचली तेव्हा बुंदीचे पुढचे पाय शिकवल्यासारखे नीट रोवलेले होते आणि मान पाण्यात होती. इतरही पिल्लं पडली होती. कितीतरी होती. मला मोजवत नाही.

आया अजून आपापलं पिल्लू शोधत होत्या, तोच गहिवरे डोहाकाठच्या खडकावर येऊन उभा राहिला. एवढ्या लवकर तो कसा पोचला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मंडळाची तयारीच तशी असायची. त्याच्यासोबत पळसाच्या पानांचे द्रोण होते. तो खडकावर बसून रडला, द्रोण भरले आणि ज्या आयांची पिल्लं गेली त्या प्रत्येकीला एकेक द्रोणभर अश्रू दिले. असे अश्रू घेऊन काय करायचं हे काजळीला माहीत नव्हतं. तिनं द्रोण बुंदीशेजारी ठेवला.

मग तिनं गवेअप्पांकडं पाहिलं. गवेअप्पा म्हणजे रानसभेचे प्रमुख. अंगानं डोंगराएवढे, मनानं चांगले, आणि जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं.

"अप्पा," काजळी म्हणाली, "पाणशाळेत तुंबा घेऊन येऊ नये, एवढं सांगा सगळ्यांना. बाकी मला काही मागायचं नाही."

अप्पांना ते पटलं. त्यांनी मान हलवायला सुरुवातही केली होती. पण तेवढ्यात खवलेराव उलगडले.

त्यांनी आधी डोळे मिटले. मग फार मऊ आवाजात ते म्हणाले की या माउलीच्या दुःखापुढं आम्ही नतमस्तक आहोत. पण पिल्लांची कलेवरं अजून थंड झालेली नाहीत. अशा वेळी वस्तूंची चर्चा करणं हा मृतांचा अपमान आहे. आपल्या जंगलाचे काही संस्कार आहेत की नाहीत? आज रडायचं, बोलायचं नाही.

गहिवऱ्यानं लगेच सुतक जाहीर केलं. येत्या पौर्णिमेपर्यंत जंगलात कुणी त्या वस्तूचं नाव काढायचं नाही. पौर्णिमेला सुतक फिटेल, मग सभा भरेल, मग ज्याला जे बोलायचं ते बोलावं. अप्पांना हेही पटलं. सुतक पाळायला कोण नाही म्हणणार? काजळीनंही मान खाली घातली. आपल्या लेकीच्या सुतकात आपणच तोंड उघडणं बरं दिसत नाही, असं तिला वाटलं. सभ्य आईच्या पोटची होती ती.

जंगलानं सुतक मनापासून पाळलं. तुंबा म्हणायचं नाही, म्हणून सगळे 'ती वस्तू' म्हणू लागले. काही कर्मठ सायाळींनी भोपळा हा शब्दही टाकला. भोपळ्याच्या वेलाला त्या 'तो वेल' म्हणत आणि वळसा घालून जात.

बंदी होती ती बोलायला. घ्यायला नव्हती. पाणशाळेची बातमी ऐकून जो तो घाबरला होता, आणि घाबरलेला प्राणी अस्वलाच्या दारात जातो. पूर्वी ज्याच्या गळ्यात एक तुंबा होता त्याच्या गळ्यात दोन लोंबू लागले. खारींसाठी सुपारीएवढे तुंबे निघाले. अस्वलांनी खवलेरावांना त्या पंधरवड्यात नवीन वारूळ उकरून दिलं.

सुतकात ज्या उपायांमध्ये त्या वस्तूचं नाव येत नाही ते सुचवायला हरकत नव्हती. मंडळानं भरपूर उपाय सुचवले. खवलेराव म्हणाले की खरा दोष डोहाचा आहे. डोहाला वाटा फार. चहूकडून कुणीही येतं. त्यांनी अप्पांकडून डोहाभोवती करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण घालून घेतलं आणि एकच तोंड ठेवलं. शिवाय पिल्लांना बुडी मारून श्वास कोंडून पडायला शिकवावं, असं ठरलं. तेव्हापासून पाणशाळेत पाणी प्यायचा धडा मागं पडला आणि बुडीचा धडा सुरू झाला. टणटणीच्या फळाएवढे डोळे असलेली सशाची पिल्लं रोज सकाळी रांगेनं बुड्या मारत आणि मोठे प्राणी काठावरून शाबासकी देत.

काजळी चंद्राकडं बघत राहिली. पौर्णिमेला सभेत काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. तीन शब्दांचं वाक्य होतं, पाणशाळेत तुंबा नको. ते ती मनातल्या मनात म्हणायची. मोठ्यानं नाही, कारण सुतक होतं.

चंद्र भरत आला आणि उंबराच्या जत्रेत एका वानरानं तुंबा उघडला. का उघडला ते त्यालाही सांगता आलं नाही. तिथं एक सज्जन सांबर उभं होतं. त्याच्याही गळ्यात तुंबा होता. वाईटाच्या तुंब्याला चांगल्याचा तुंबाच उत्तर, असं मंडळानं त्याला शिकवलं होतं. त्यानं वेळ न घालवता आपलंही बूच उपटलं. आता दोन पोळ्यांच्या माशा जत्रेवर सुटल्या. कोण कुणाच्या माशीनं गेलं, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

मंडळानं सांबराचा सत्कार केला. आणखी एखादा सज्जन तिथं असता तर एवढंही झालं नसतं, असं खवलेराव सत्काराच्या सभेत म्हणाले. गहिवऱ्यानं द्रोण वाटले. आणि नवीन सुतक लागलं, त्यापुढच्या पौर्णिमेपर्यंत.

पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल. ती पौर्णिमा जवळ आली आणि कोल्ह्यांच्या लग्नात तसंच घडलं. त्यानंतर रानकोंबड्यांच्या माळावर. एक सुतक फिटायच्या आत दुसरं लागायचं. काजळीच्या शेजारी आता आणखी आया येऊन बसायच्या. रानकोंबडी, वानरीण, सायाळ. सगळ्यांचं वाक्य साधारण तेच होतं. सगळ्या चंद्राकडं बघायच्या आणि गप्प असायच्या. डोहाकाठी वाळलेल्या द्रोणांचा ढीग झाला होता.

मला इथं या आयांचा राग येतो, बाळांनो. येऊ नये, पण येतो. त्यांच्या तोंडाला जे कुलूप घातलं होतं, त्या कुलपाची राखण त्याच करत होत्या.

मग थंडी आली. त्या वर्षी पौषात असा गारठा पडला की तुंब्यातल्या गांधीलमाशा एकमेकींना चिकटून मुटकुळी करून बसल्या. कुणी रागानं बूच उपटलंच, तर एखादी माशी लडखडत बाहेर यायची आणि गवतावर आडवी व्हायची. जंगलात कुणी मेलं नाही. मंडळाचं धाबं दणाणलं. ही थंडी म्हणजे हक्कांवरचा घाला आहे, असं खवलेरावांनी जाहीर केलं आणि तुंबे रात्री पोटाशी घेऊन निजा, असा सल्ला दिला. पण थंडी कुणाचं ऐकते? पौर्णिमा आली आणि सुतक फिटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच वडाखाली रानसभा भरली. काजळी पुढं आली. 

"माझी पोर गेली," ती म्हणाली. "कशानं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता सुतक नाही. म्हणून म्हणते, पाणशाळेत..."

खवलेराव तिथंच उलगडले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. आज? सगळं इतकं सुरळीत चाललं असताना? पिल्लं खेळतायत, ऊन छान पडलंय, आणि या बाईंना जुन्या जखमा उकरायच्या आहेत. मेलेल्या लेकरावर स्वतःचा मोठेपणा मिरवायचा हा प्रकार आहे, असं वाटावं. वाटतं असं ते म्हणाले नाहीत. वाटावं, असं म्हणाले. मंडळ शब्दांना फार जपायचं.

गवेअप्पांना पटलं. "काजळे, आत्ता काही झालेलं नाही ना गं," ते म्हणाले. "उगा निवांत पाण्यात दगड कशाला? पुन्यांदा काही झालं, तर बघू की आपण."

"झाल्यावर सुतक असतं, अप्पा."

"ते तर असतंच."

"आणि झालं नाही तर विषय नसतो. मग मी बोलू कधी?"

 अप्पांनी बराच वेळ रवंथ केला. मग त्यांनी सवयीनं मंडळाकडं पाहिलं.

खवलेराव मुळीच गडबडले नाहीत. "मंडळानं कुणाचं तोंड कधी धरलेलं नाही," ते म्हणाले. "घटना घडल्यानंतर आणि सुतक लागण्यापूर्वी मधे जो वेळ असतो, तो मोकळाच आहे. त्या वेळात ताईंनी खुशाल बोलावं. आम्ही कान देऊन ऐकू."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. बघ, वाट निघाली की नाही, असं त्यांनी काजळीला म्हटलं. आणि काजळीला ते खरं वाटलं. हसू नका. तुमच्या घरी असं कुणी गेलं असतं आणि बोलायला एवढीशी फट कुणी दाखवली असती, तर तुम्हीही त्या फटीला डोळा लावून बसला असता.

ती रोज सकाळी पाणशाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहू लागली. तिचा हिशेब साधा होता. पाणशाळेत पुन्हा कधी घडलंच, तर गहिवऱ्यापेक्षा आपण जवळ असायला हवं. तो खडकावर चढायच्या आत आपण वाक्य बोलून टाकायचं. आणि हे मनात येताच तिला स्वतःची शिसारी यायची. कारण बोलायला मिळावं म्हणून ती ज्याची वाट बघत होती, ते तिला कधीच घडायला नको होतं. ज्यांनी तिला तिथं उभं केलं होतं त्यांना मात्र असं काही होत नव्हतं.

थंडी सरली. माळावर पळस फुलला. माशा तुंब्यात पुन्हा गुणगुणू लागल्या.

एका सकाळी एक रानकुत्रं डोहाच्या वाटेनं आलं. त्याच्या गळ्यात तुंब्यांची माळ होती. कुंपणाचं तोंड एकच होतं आणि ते त्या तोंडात जाऊन उभं राहिलं. काजळी भुंकली. पिल्लं शिकवल्याप्रमाणं रांगेनं बुड्या मारू लागली. कुत्र्यानं पहिलं बूच उपटलं.

हीच ती वेळ होती, बाळांनो. गहिवरे अजून आला नव्हता. सुतक लागलं नव्हतं. आसपासचे प्राणी गोळा होत होते, गवेअप्पाही धावत येत होते. सगळं जंगल ऐकायला समोर होतं आणि काजळीचं वाक्य तीन शब्दांचं होतं.

तिनं ते म्हटलं नाही. ती करवंदीच्या कुंपणात शिरली. काट्यांनी तिचं अंग ओरबाडून निघालं, एक कान फाटला, पण तिनं अंगानं कुंपणाला भगदाड पाडलं. मग ती डोहात उतरली. बुडी मारून श्वास कोंडलेली पिल्लं तिनं मानगुटीला धरून एकेक बाहेर काढली आणि त्या भगदाडातून पलीकडं ढकलली. माशा तिला डसत होत्या. ती पुन्हा आत जात होती. सगळी पिल्लं काही तिला काढता आली नाहीत. पण खूप काढली.

शेवटच्या खेपेला ती पाण्यातून वर आली तेव्हा तिचा चेहरा सुजून डोळे मिटत आले होते. तिनं बोलायला तोंड उघडलं. खडकावरून ओळखीचा आवाज येत होता. गहिवरे केव्हाच पोचला होता. द्रोण भरत आले होते. सुतक लागलेलं होतं.

मंडळ कृतघ्न नव्हतं. त्यांनी त्याच जागी काजळीचा गौरव करायचं ठरवलं. कुंपण मोडल्याबद्दल तिला मोठ्या मनानं माफ करण्यात आलं. खवलेराव म्हणाले की ही माउली रिकाम्या गळ्यानं शत्रूला सामोरी गेली, हे आपल्या सगळ्यांना लाजिरवाणं आहे. तिच्या गळ्यात ती वस्तू असती, तर आज एकही पिल्लू गेलं नसतं. मग त्यांनी अस्वलांनी खास बनवलेला एक मोठा तुंबा आणवला. त्यावर ठिपके कोरलेले होते आणि ठिपक्यांच्या मधे बुंदीचं नाव होतं. तो त्यांनी स्वतः काजळीच्या गळ्यात घातला. आतल्या माशा तिच्या छातीशी गुणगुणत होत्या.

सगळ्यांना फार भरून आलं. अप्पांनी डोळे टिपले.

 काजळी वळली आणि पुन्हा डोहात उतरली. छातीइतक्या पाण्यात गेल्यावर तिनं तुंबा ओवलेला गळ्यातला वेल तोडला, तुंबा पुढच्या पायांखाली चिखलात दाबला आणि पाण्यात मान घालून बूच उपटलं. वर बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले. मग गांधीलमाशा एकेक करून वर आल्या आणि पाण्यावर तरंगू लागल्या. एकही उडाली नाही.

त्या जंगलात असा आवाज कधी झाला नव्हता. पिल्लं पडली तेव्हाही झाला नव्हता. वडावर कोरलेला हक्क या बाईनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडवला, असं मंडळ ओरडत होतं. गहिवरे धावत काठावर गेला, तरंगणाऱ्या माशा त्यानं पाहिल्या आणि त्याला हुंदका फुटला. या खेपेला तो खरा रडला. द्रोण आणायचंही त्याला सुचलं नाही.

लगेच वडाखाली रानसभा बसली. तिथं काजळीला उभं केलं. तिच्या अंगातून रक्त येत होतं, पण त्याबद्दल कुणी विचारणं सभ्यपणाला धरून नव्हतं.

"का बुडवलास गं?" गवेअप्पांनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "सांग काहीतरी. मी सांभाळून घेतो."

खवलेरावांनी मधेच आठवण करून दिली की सुतक चालू आहे. ताईंनी शब्द जपून वापरावेत. ते नाव न घेता काय खुलासा करायचा तो करावा.

काजळीनं सभेकडं पाहिलं. डोळे सुजल्यामुळं तिला नीट दिसत नव्हतं. तिनं घसा साफ केला.

"पाणशाळेत तुंबा नको," ती म्हणाली.

सगळ्या सभेनं कान झाकले. सायाळींनी तर पाठ फिरवली. सुतकात, भर सभेत, ते नाव. पहिला गुन्हा परवडला असता, हा दुसरा फारच झाला. गवेअप्पांना पुन्हा एकदा पटलं. काजळीनं या डोहाचं पाणी पुन्हा कधी प्यायचं नाही आणि जंगलाची हद्द सोडून जावं, असं ठरलं. रानडुक्कर सुटलं होतं, कारण त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. वानर सुटलं होतं. कोल्ह्यांच्या लग्नातला आणि माळावरचा, ते तर मंडळाचे सभासदच होते. रानकुत्र्याचा विषय सुतकात निघू शकत नव्हता. तुंब्यावरून त्या जंगलात शिक्षा झालेली काजळी पहिली.

ती निघाली तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना त्या सगळ्या आया बसल्या होत्या. रानकोंबडी, वानरीण, सायाळ. ज्यांची पिल्लं तिनं सकाळी पाण्यातून ओढून काढली होती त्याही होत्या. कुणी मान वर केली नाही. ती अगदी जवळून जाताना रानकोंबडी हलक्या आवाजात म्हणाली, "पौर्णिमेनंतर बोलली असतीस ना, तर आम्ही होतोच की गं तुझ्या पाठीशी."

काजळी थांबली नाही. तिच्या मागं आयांनी सवयीनं आकाशाकडं पाहिलं. त्या दिवशी अमावास्या होती.

तात्पर्य : जीव काय, कधीही जातो. बोलण्याची वेळ मात्र माणसानं कटाक्षानं पाळावी. तेव्हा बाळांनो, शाळेत रांगेनं जा, मान खाली घाला आणि श्वास कोंडून पडून राहायचा सराव रोज करा. तुम्हाला काही झालंच, तर रडायला मोठी माणसं तयार बसलेली आहेत.